ॲस्पिरिनचा यील्ड १००% च्या वर येत होता, असा जमला (माझा अनुभव)
यवतमाळकडच्या खेड्यातून येजा करून बीएस्सी करतो. ॲस्पिरिन बनवायच्या प्रॅक्टिकलला यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मालापैकी किती टक्के हाती आला ते) ११९% आला, परत केलं तरी तेच, डोकं पार तापलं. गणित तीनदा तपासलं, काटाही बदलून पाहिला, काही नाही.

मग पहिल्यापासून धरलं. ॲस्पिरिन सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲनहायड्राइडपासून बनते. सॅलिसिलिक ॲसिड २ ग्रॅम भागिले १३८ (त्याच्या एका मोलचं, म्हणजे ठरावीक संख्येच्या रेणूंचं, वजन ग्रॅममध्ये), म्हणजे ०.०१४५ मोल. ॲसिटिक ॲनहायड्राइड ५ मिली म्हणजे ५.४ ग्रॅम, भागिले १०२, ०.०५३ मोल, ते तं लय जास्त हाय, म्हणून हिशोब सॅलिसिलिकवरच. एका मोल सॅलिसिलिकपासून एक मोल ॲस्पिरिन, तं ०.०१४५ गुणिले १८० (ॲस्पिरिनच्या एका मोलचं वजन) = २.६१ ग्रॅम, एवढंच जास्तीत जास्त मिळू शकते.

आणि माझ्या ॲस्पिरिनचं वजन होतं ३.१ ग्रॅम! भर पावसाळा, स्फटिक बोटाला ओल्या साखरेसारखे चिकटत होते, म्हणजे मी पाणीच तोलत होतो. मग रिकामी वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) आधी तोलली, स्फटिक पातळ पसरून रात्रभर डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवले (ओले असताना जास्त तापवू नका, ॲस्पिरिन फुटून परत सॅलिसिलिक होते), सकाळी तोललं, तासाभरानं परत, आकडा हलला नाही तेव्हाच लिहिला. २.१ ग्रॅम. भागिले २.६१ गुणिले १००, ८०.५%.