परदेशात सोबत्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

चित्रकार मित्र प्रवासाहून परतले की हौसेनं फोटो दाखवतात आणि दर वेळी तेच दिसतं: मनोरा अख्खा, माणूस मुंगीएवढा. नाहीतर माणूस मोठा, पण सख्ख्या आईलाही ओळखू न येणारा.

या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त चीड आहे. वाइड लेन्स, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारं भिंग, लावून थेट तोंडाशी जायचं आणि वर म्हणायचं, लेन्सनं नाक मोठं केलं. नाक मोठं करतं ते अंतर. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. ३० सेंटीमीटरवरून फोटो काढलात तर कान ४२ वर जातो, म्हणजे नाक त्याच्या तुलनेत चाळीसेक टक्के फुगतं. दीड मीटर अंतरावर गेलात की हाच फरक आठ टक्क्यांवर येतो.

लेन्सचा स्वतःचा खोडसाळपणा असतो तो कडेला. पॅरिसमध्ये आम्ही सहाजण आयफेल टॉवरच्या पायथ्याशी होतो. ३३० मीटरचा मनोरा चौकटीत बसवायचाच, या हट्टापायी मी १६ एमएमची वाइड लेन्स लावली आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. रांगेच्या टोकाला असलेल्या मैत्रिणीचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबलं. बाकीचे पोट धरून हसले, ती नाही हसली. पुढचे चार दिवस माझ्या प्रत्येक फोटोत ती पाठमोरी आहे. खरं तर नदीपलीकडे त्रोकादेरोच्या चौकात गेलो असतो, तर कॅमेरा उभा धरून कमी रुंद अशा ५० एमएमच्या लेन्समध्येही मनोरा मावला असता. पण तेवढं चालायचा कंटाळा!

तेव्हापासून मी माणसांना वास्तूजवळ उभं करतच नाही. वास्तू लांब, माणूस माझ्याजवळ. रांग असेल तर कडेला थोडी मोकळी जागा सोडतो.

दुसरी चूक अधीर नवशिक्यांची. सोबत्याला ‘हस’ म्हणायचं आणि मग आपण डायल फिरवत बसायचं. तोवर त्या बिचाऱ्याचं हसू दातखिळीसारखं होतं. मी आधी स्वतःचा तळहात समोर धरून प्रकाश मोजतो, सगळं ठरवतो आणि मगच हाक मारतो. वही जवळ असेल तर पाच मिनिटं त्याचं रेखाटन करतो. तेवढ्यात त्याचे खांदे खाली येतात आणि मलाही कळतं, कुठली बाजू घ्यायची. ‘नंतर फिल्टर लावू’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

भर दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. कमानीखाली, सावलीत घ्या. पण लाल छत्रीखाली नको, माणूस उकडलेला दिसतो. बर्फात कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). डोक्यातून खांब उगवतोय का, ते बघा. हॉटेलच्या खोलीत बसून फोटो उडवू नका, दमलेल्या डोळ्यांना सगळेच वाईट वाटतात.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ. उतरल्या उतरल्या स्थानिक वेळ लावायला विसरलात तर मध्येच बदलू नका. स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर त्यावरून फरक काढून सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.