रिटर्न भरायला बसण्याआधी हाताशी काय हवं

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आयकर रिटर्न भरताना पहिली खात्री करायची ती निवासी असण्याची. कलम ८७-ए ची सूट, म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंतची करमाफी, फक्त निवासी व्यक्तीला मिळते. मुलगा दुबईत नोकरीला, कायद्याने अनिवासी, आणि पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं त्याच्या नावावर येत असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, ही सूट त्याला नाही. शंका असेल तर पासपोर्टवरचे शिक्के बघून भारतातले दिवस मोजून ठेवा.

मग उत्पन्नाची बेरीज. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर या सुटीने ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. जुन्या प्रणालीत ही मर्यादा ५ लाख आणि सूट १२,५०० रुपये. पगार किंवा पेन्शनमधून नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आधी जाते. आपण मर्यादेत बसतो का हे कळण्यासाठी सगळ्या बँकांची पासबुकं भरून घ्या आणि मुदत ठेवींसोबत बचत खात्याचं व्याजही बेरजेत धरा. मर्यादा थोडी ओलांडली म्हणून घाबरू नका: करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर कर ६१,५०० नव्हे, वरचे १०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर एवढाच लागतो. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर ब्रोकरकडून भांडवली नफ्याचा तक्ता मागवा, कारण विशेष दराने लागणाऱ्या त्या करावर नव्या प्रणालीत ही सूट चालत नाही.

पगाराचा किंवा पेन्शनचा फरक मिळाला असेल तर मात्र सवडीने बसा. मागच्या वर्षांची रक्कम एकाच वर्षात हातात पडते आणि कर वरच्या टप्प्यात जातो. कलम ८९ ची सवलत त्यासाठीच आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात जास्त वाया जाते. शिक्षकांनी वेतन पथकाकडून, इतरांनी आस्थापना लिपिकाकडून फरकाचं वर्षवार विवरण लेखी घ्यावं: कोणत्या वर्षाचे किती, एवढं स्पष्ट. सोबत त्या त्या वर्षाची रिटर्नं किंवा फॉर्म १६ (ऑफिसने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) काढून ठेवा, कारण त्या वर्षी फरक मिळाला असता तर कर किती वाढला असता, हे मांडावं लागतं. आजचा जादा कर त्या वाढीपेक्षा अधिक असेल तेवढीच सवलत मिळते. दोन्ही सारखे निघाले तर काहीच मिळत नाही. हा हिशेब फॉर्म १०ई मध्ये, आयकर खात्याच्या पोर्टलवर, रिटर्नच्या आधी भरायचा. फॉर्म न भरता रिटर्नमध्ये नुसता आकडा टाकला तर सवलत नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते. ऑफिसने फॉर्म १६ मध्ये सवलत धरली असली तरी १०ई तुमचा तुम्हालाच भरायचा आहे.

टीडीएसचं, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेल्या कराचं, श्रेय घेण्यासाठी ऑफिसचा फॉर्म १६, बँकेचा करकपातीचा दाखला १६ए आणि पोर्टलवरचं २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची नोंद) शेजारी ठेवून ओळीने जुळवा. कपात झाली पण २६एएसमध्ये दिसत नाही, असं असेल तर बँकेला लेखी कळवून त्यांचं टीडीएस विवरण दुरुस्त करून घ्या. मे-जूनमध्येच विचारलं तर जुलैअखेरपर्यंत काम होण्याची शक्यता जास्त. पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण, हेही उघडून पाहा, विसरलेलं व्याज किंवा लाभांश तिथे सापडतो. पॅन आणि आधार जोडलेले आहेत ना, तेही याच बैठकीत बघा.

घरकर्ज, विमा, पीपीएफ यांच्या पावत्या जुन्या प्रणालीसाठी लागतात. ती निवडायची असेल तर मुदतीतच रिटर्न भरा. उशिराच्या रिटर्नमध्ये तो पर्याय राहत नाही. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून घ्या, आणि रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा.