बाजारपेठेचा रस्ता नव्याने करताय? या चुका टाळा

रस्ता सुधारायचा म्हटलं की पहिली चर्चा फरशीच्या रंगाची होते. तिथेच गाडं चुकतं. फरशी सगळ्यात शेवटी ठरवायची असते.

एका तालुक्याच्या गावात दिवाळीआधी उद्घाटन हवं म्हणून मुख्य पेठेत घाईने ग्रॅनाइट बसवलं. बाकडी आली, दिवे आले, फोटो छापून आले. उन्हाळ्यात जुनी जलवाहिनी फुटली. पाणीपुरवठ्याच्या माणसांनी ब्रेकरने फरशी फोडली, जोड दुरुस्त केला आणि वर काँक्रीट ओतून ते निघून गेले. पाठोपाठ वीजवाले, मग केबलवाले. फुटपाथची इतकी ठिगळं झाली की म्हातारी माणसं पुन्हा गाड्यांमधून चालू लागली. दोष कामगारांचा नव्हता. पाणी, ड्रेनेज, वीज ही कामं कुणी एका नकाशावर मांडलीच नव्हती.

म्हणून जमिनीखाली काय आहे ते बघायला चाचणी खड्डे घेतल्याशिवाय मी फरशीचा विषय काढू देत नाही. जुन्या नकाशात पाइप असतो एकीकडे, निघतो भलतीकडे. पुढच्या केबलींसाठी फुटपाथखाली रिकामे डक्ट, म्हणजे केबल ओढायच्या नळ्या, आणि ठरावीक अंतरावर त्यात उतरायला चेंबर हवेतच. बंगळुरूत ‘टेंडरश्युअर’ या रस्ते-सुधारणा योजनेतल्या रस्त्यांवर हेच केलं. ‘जे दिसत नाही त्यावर खर्च कशाला?’ असं विचारणाऱ्यांशी मी दरवेळी भांडतो.

दुसरी चूक मला जास्त बोचते: आधी फेरीवाले हटवायचे, मग आराखडा काढायचा. २०१४च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना उठवता येत नाही, आणि याच कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावे लागतात. कायदा बाजूला ठेवला, तरी भाजीवाली बसस्टॉपजवळ बसते ती गिऱ्हाईक तिथे उतरतं म्हणून. तिला मागच्या गल्लीत ओटा दिला, तर ती महिनाभरात परत येणार, या वेळी चालायच्या पट्ट्यात. तिची जागा झाडांच्या आणि दिव्यांच्या ओळीत आखा. त्यासाठी सकाळ, दुपार, संध्याकाळ रस्त्यावर उभं राहावं लागतं, आठवडी बाजाराच्या दिवशी तर नक्कीच. उपग्रह नकाशावरून रस्ता आखणाऱ्या नवख्यांना एवढा धीर नसतो, आणि त्याची किंमत पेठ मोजते.

‘पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यासारखं करा’ ही मागणी हमखास येते. तो रस्ता रुंद आहे, एकेरी आहे. तुमच्या अरुंद दुहेरी पेठेत ती नक्कल बसणार नाही.

फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नेऊ नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांवरच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच होतं. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरवू नका, गाडीला वर चढू द्या. जुना थर न खरवडता डांबर चढवलं, तर रस्ता उंचावतो आणि पावसाचं पाणी दुकानात शिरतं. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा.

आणि आधी करून बघा. पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात, ते उत्तमच. पण त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी असते. मी ड्रम आणि रंगाचे पट्टे टाकून साधे कामाचे दिवस बघतो. दुकानदाराचा टेम्पो माल कुठे उतरवतो, शाळा सुटल्यावर रिक्षा कुठे थांबतात, हे कळलं की निम्मी भांडणं निविदा निघण्याआधीच मिटतात.