आर्जिनिनची साखळी उलगडायची तर यीस्टचे म्युटंट कसे वापरायचे

पेशी आर्जिनिन हे अमिनो आम्ल टप्प्याटप्प्याने बनवते; एकेका टप्प्याचा जीन बिघडलेलं यीस्ट (म्युटंट) पाहून त्या टप्प्यांचा क्रम लावायचा, असं हे प्रॅक्टिकल. नाशिकमध्ये वाइन यीस्टचं पाकीट सहज हाती लागतं आणि प्रॅक्टिकलसाठी पहिला मोह त्याचाच होतो. तो आवरा. वाइनचं यीस्ट बहुधा डिप्लॉइड (प्रत्येक जीनच्या दोन प्रती असलेलं) असतं; जीनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते आणि म्युटंट दिसतच नाही. हॅप्लॉइड (एकच प्रत असलेला) स्ट्रेन, म्हणजे वाण हवा, तोही मिनिमल मीडियमवर, म्हणजे अमिनो आम्लं न घातलेल्या माध्यमावर, स्वतःच्या बळावर वाढणारा, उदाहरणार्थ एस२८८सी. सर्रास वापरला जाणारा बीवाय४७४१ इथे गैरसोयीचा, कारण त्याला आधीच हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल लागतं. स्ट्रेनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडे चौकशी करा.

म्युटंट मिळवायला पेशींवर यूव्ही किरण टाकायचे. रात्रभर वायपीडी या सकस माध्यमात वाढवलेल्या पेशी निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा. वायपीडी यूव्ही शोषतं, त्यामुळे धुणं टाळू नका. मिलीलिटरला सुमारे १ कोटी पेशी ठेवून १० मिली पेट्री डिशमध्ये घ्या, झाकण काढा आणि डिश हलवत २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ०, १०, २०, ३०, ४० सेकंदांचे नमुने काढा. झाकण तसंच राहणं ही नेहमीची चूक: किरण त्यातून जातच नाहीत. शंभरातल्या १० ते ५० पेशी जगतील ती वेळ निवडा. गॉगल आणि हातमोजे हवेतच. पुढचं काम अंधारात, कारण उजेडात फोटोलायेज हे एन्झाइम डीएनए दुरुस्त करून टाकतं.

वायपीडी प्लेटवर १००-१५० वसाहती येतील इतकं पातळ करून पसरवा आणि ३० अंशांना दोन-तीन दिवस ठेवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकला खोलीच ३५ च्या पुढे जाते आणि साध्या इनक्युबेटरला गार करता येत नाही, कूलिंगवालाच घ्या. मग निर्जंतुक मखमल वसाहतींवर दाबून तिचे ठसे नव्या प्लेटवर घ्या: आधी मिनिमलवर (यीस्ट नायट्रोजन बेस ६.७ ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम, लिटरला), मग मिनिमल अधिक आर्जिनिन २० मिलिग्रॅमवर, शेवटी वायपीडीवर. ठसा दाट पडला तर मूळ माध्यमही सोबत येतं आणि मिनिमलवर सगळंच थोडंथोडं वाढतं. अशा वेळी त्या मिनिमल प्लेटवरून नव्या मिनिमलवर पुन्हा ठसा घ्या. आर्जिनिनचे म्युटंट (मिनिमलवर न वाढणारे, पण आर्जिनिन दिलं की वाढणारे) मोजकेच निघतात, तेव्हा काही हजार वसाहती चाळायची तयारी ठेवा. बारीक, हळू वाढणाऱ्या वसाहतींना लगेच ऑक्सोट्रॉफ (एखादा पोषक पदार्थ बाहेरून लागणारा म्युटंट) म्हणू नका. ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर त्या वाढल्या नाहीत तर ते पेटिट आहेत, बिघाड मायटोकॉन्ड्रियाचा आहे.

आता खरा भाग. साखळी अशी: ऑर्निथिन, सिट्रुलिन, आर्जिनिनोसक्सिनेट, आर्जिनिन. प्रत्येक म्युटंट चार प्लेटवर लावा: काहीच न घातलेली, आणि ऑर्निथिन, सिट्रुलिन, आर्जिनिन घातलेल्या (लिटरला ५० मिलिग्रॅम). जिथे साखळी तुटली त्याच्या पुढचा पदार्थ दिला की म्युटंट वाढतो, मागचा दिला तर नाही. एआरजी३ हा ऑर्निथिनचं सिट्रुलिन करणारा जीन बिघडलेला म्युटंट सिट्रुलिनवर आणि आर्जिनिनवर वाढतो, ऑर्निथिनवर नाही. एआरजी१ आणि एआरजी४ या पुढच्या दोन टप्प्यांच्या जीनचे म्युटंट फक्त आर्जिनिनवर. तिन्हींवर वाढणारा म्युटंट ऑर्निथिनच्याही आधी अडलेला असतो.

इथे बऱ्याच जणांचा निकाल चुकतो आणि दोष म्युटंटला दिला जातो. सिट्रुलिन पेशीत शिरतं ते गॅप१ परमिएज या वाहक प्रथिनामधून, आणि बऱ्याच स्ट्रेनमध्ये अमोनियम असलं की गॅप१ बंद पडतं. मग एआरजी३ म्युटंट सिट्रुलिनवर वाढत नाही आणि एआरजी१सारखा दिसतो. आर्जिनिन आणि ऑर्निथिनला कॅन१ या दुसऱ्या वाहकाचं दार असल्याने ते आत जातात, म्हणून शंकाही येत नाही. उपाय: अमोनियम सल्फेट नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस १.७ ग्रॅम आणि नायट्रोजनसाठी प्रोलिन १ ग्रॅम. वाढ सावकाश होते, चार दिवस द्या, आणि शेजारी मूळ स्ट्रेन लावा. तोच वाढला नाही तर प्लेट फेकून द्या.

प्लेट वाचताना म्युटंट लावलेल्या ठिगळभर सारखी वाढ दिसते की मोकळ्या ठिगळात तुरळक चार-पाच उठावदार ठिपके, हे भिंगातून पाहा. ठिपके म्हणजे रिव्हर्टंट, पुन्हा बदल होऊन मूळ स्ट्रेनसारख्या वाढू लागलेल्या पेशी. ती वाढ मोजायची नाही.

एआरजी१ आणि एआरजी४ यांचा नमुना एकच, त्यामुळे प्लेट त्यांना वेगळं करू शकत नाही. त्यासाठी एक म्युटंट ए आणि दुसरा अल्फा मेटिंग टाइपचा (यीस्टचे हे दोन जोडीप्रकार) हवा. दोन्ही वायपीडीवर मिसळून रात्रभर ठेवा, म्हणजे पेशी जोडी करून डिप्लॉइड बनतात, मग मिनिमलवर ठसा घ्या. डिप्लॉइड भरभरून वाढला तर बिघाड दोन वेगळ्या जीनमध्ये. फक्त ठिपके आले किंवा काहीच आलं नाही तर बहुधा एकाच. सोबत दोन्ही पालकांची ठिगळं एकेकटी लावा, नाहीतर रिव्हर्टंटच डिप्लॉइड म्हणून मोजले जातील.