वाकळ पुरी करायला बसण्याआधी

वरचं तुकडेकाम झालं की वाकळ, म्हणजे गोधडी, झाली असं वाटतं. निम्मीसुद्धा झालेली नसते. तुकडे जोडणं हा मजेचा भाग. पोरं निजल्यावर, टीव्ही बघत, चहा गार होईपर्यंत होऊन जातो. त्याच्या पुढचं काम, म्हणजे तीन थर (वर तुकडेकाम, मधला थर, खाली अस्तर) एकत्र घालणं, टाके, गोट म्हणजे कडेची पट्टी, धुणं, हे कंबर मोडून करायचं असतं आणि त्यात झालेली चूक वाकळेच्या आत जाऊन बसते. माझी गेल्या पावसाळ्यात बसली. एक टाचणी. म्हणून ही तयारी लिहून ठेवतेय, मुख्यतः स्वतःसाठी.

सुई, दोरा, टेप, खडू हे सांगत नाही. कात्रीचं एवढंच, की पोरांनी तिनं हस्तकलेचा कागद कापला असेल तर ती कापडाची कात्री राहिलेली नाही, दुसरी घ्या. गडद कापडावर खुणा करायला अंघोळीच्या साबणाची उरलेली पातळ चकती वाळवून ठेवा, खडूपेक्षा बारीक रेघ येते आणि धुतली की जाते. बॉलपेन नको. का ते विचारू नका.

पहिलं खरं काम कापडाचं. जुनी लुगडी, धोतरं, चादरी शंभरदा धुतलेली असतात, त्यांचा प्रश्न नाही. पण अस्तराला किंवा गोटाला नवीन सुती कापड आणलं असेल तर ते आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असल्यानं आपल्याकडे कोल्हापुरात पॉपलीन स्वस्तात मिळतं, पण कोऱ्या कापडाला खळ असते आणि पहिल्या पाण्यात ते आटतं. शंभराला तीन ते पाच तरी धरा. साठ इंचाचं अस्तर दोन-तीन इंच आत आलं आणि वरचे जुने तुकडे तसेच राहिले, तर वाकळ पापडासारखी वर उचलते. कापड सुती आहे की मिसळीचं हे कळत नसेल तर दोन दोरे काढून गॅसवर धरा. सुती जळून राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मणी झाला तर ते कापड या वाकळेत नको, कितीही गोड रंग असला तरी.

मग रंग. इरकलीचा तो गडद लाल, खणाचा जांभळा, हे सगळे संशयित. पांढरा रुमाल ओला करून तुकड्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमाल गुलाबी झाला तर तो तुकडा बाजूला. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं तुम्हाला चार बायका सांगतील. होत नाही. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही, वारंवार धुऊन जास्तीचा निघून गेला तरच थांबतो.

आणि आता पिना. पिना मोजा.

वाकळ 45 बाय 60 इंचांची होती, धाकटीसाठी. थर सरकू नयेत म्हणून साधारण चार-चार इंचांवर सेफ्टी पिन लावायची, म्हणजे मूठ ठेवली तर मुठीखाली एक पिन यायला हवी. आडव्या 11 आणि उभ्या 15, एकूण 165. मी महाद्वार रोडवरून एक ग्रोस आणला होता. ग्रोस म्हणजे 144. शेवटच्या दोन रांगांत पिना संपल्या, बाहेर पाऊस, पोरं घरात, मग शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या लावल्या. साध्या, बारीक डोक्याच्या, शिंप्याकडे असतात तसल्या. किती लावल्या ते लिहिलं नाही. आज हिशेब करून सांगते, 21 असणार. त्या रात्री हिशेब केला असता तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

दहा-बारा रात्रींत टाके घातले, जमेल तशा पिना काढत गेले, गोट लावला, धुतली, पंख्याखाली दोन दिवस वाळवली. तिसऱ्या की चौथ्या रात्री धाकटी म्हणाली, "आई, टोचतंय." म्हटलं मुंगी असेल. झटकून दिली वाकळ. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटरीवर मांजरानं ओरबाडावं तशी रेघ, आणि आमच्याकडे मांजर नाही. हात फिरवत गेले तर पिवळ्या तुकड्यावर बारीक तपकिरी ठिपका दिसला. गंज. टाचणी दोन थरांच्या मध्ये आडवी झोपली होती, टोक फक्त वर. डॉक्टरांकडे गेले, लसीचं कार्ड दाखवलं, त्यांनी बघून ठीक आहे म्हटलं. मला मात्र आठवडाभर ठीक नव्हतं. तो ठिपका अजून गेला नाही. लिंबू-मीठ लावलं, फिका झाला, गेला नाही.

तर मोजा. बसायच्या आधी मोजा, कागदावर आकडा लिहा, तो कागद पिनांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. "लक्षात राहील" हा कागद नव्हे. डबा एकच ठेवा, गोल, झाकणाचा, आणि त्यात दुसऱ्या कुठल्याही पिना नकोत, केसांच्या तर अजिबात नकोत. 45 बाय 60 साठी ग्रोसवर भागत नाही, दोन आणा, उरल्या तर उरल्या. टाचण्या घरात असू देत, पण त्या दिवशी त्यांचा डबा माळ्यावर. आणि एक चुंबक घ्या, बंद पडलेल्या स्पीकरचं असतं ते उत्तम, कापडाच्या पिशवीत घालून फिरवायचं. पिना लोखंडीच घ्या, पितळेच्या चुंबकाला लागत नाहीत. लोखंडी गंजतात, हे खरं, त्यामुळे पिना लावलेली वाकळ पावसाळ्यात आठवडाभर गुंडाळून ठेवायची नाही. आपल्या जून-जुलैच्या हवेत खिळासुद्धा गंजतो, पिनेचं काय घेऊन बसलात.

सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या वेळी कुणी पिना लावल्या? कच्चा दोरा घालायचा." त्यांचं बरोबर आहे. लांब-लांब टाक्यांनी कच्चा दोरा घातला की टोचायला काही उरतच नाही. पण त्याला एक अख्खी संध्याकाळ लागते, तेवढा वेळ फरशी मोकळी लागते, आणि आमची धाकटी दिसेल तो दोरा ओढते. तुमच्या घरी फरशी आणि संध्याकाळ असेल तर कच्चा दोराच घाला, खुशाल, आणि वरचे दोन परिच्छेद सोडून द्या. नाही, सोडू नका. सुईसुद्धा मोजायचीच असते.

थर घालायला जागा. पलंगावर होत नाही, पलंग खचतो. फरशी हवी. शहाबादी असेल तर नशीबवान आहात, कारण फरशीच्या सांध्यांवर अस्तराच्या कडा जुळवल्या की काटकोन आयता मिळतो, मोजायची गरज नाही. फरशी पुसून कोरडी करा, अस्तर उलटं पसरा, कोपरे आणि मधले भाग चिकटपट्टीनं फरशीला चिकटवा. ताणून नव्हे, फक्त सुरकुती जाईपर्यंत. ताणलंत तर पट्टी काढल्यावर ते परत आखडणार आणि खाली चुण्या पडणार. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा, मधला थरही तसाच. मी मध्ये आजेसासूच्या नऊवारीची दुहेरी घडी घातली होती. कोल्हापुरात तेवढी पुरते, आपली थंडी ती काय. वर तुकडेकाम सुलटं. मधोमध हात ठेवून बाहेरच्या दिशेनं फिरवत जा. पिनाही मधूनच बाहेर.

या कामाला सलग दोन तास लागतात. पोरं घरात असताना होत नाही. मी तीनदा प्रयत्न केलाय. धाकटी मधोमध येऊन झोपते, थोरला अस्तरावरून गाडी चालवतो. रविवारी सकाळी त्यांना बापाबरोबर रंकाळा तलावावर घालवा, भेळेचे पैसे हातात द्या, म्हणजे लवकर परत येणार नाहीत. परत येतील तेव्हा फरशीवर एकही पिन नसावी. म्हणजे मोजा. लावलेल्या अधिक डब्यातल्या, दोन्हींची बेरीज झाकणावरच्या आकड्याएवढी. एक कमी आली तर दार उघडू नका, आधी शोधा. शोधायचं कसं, तर दिवा बंद करून मोबाईलची बॅटरी फरशीला लागून आडवी धरा, पिन चमकते.

टाके. सुती दोरा, हातभर, त्याहून लांब घेतला की गुंता. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. मधून सुरू करा, दोन-दोन बोटांच्या अंतरानं रांगा. आपल्याकडच्या बायका कडेनं सुरू करून गोल-गोल आत जातात, दिसतं सुंदर, पण त्यांचा हात बसलेला असतो आणि मध्ये फुगा येत नाही. माझ्या मध्ये येतो. धावदोरा तिन्ही थरांतून गेलाय ना ते दर चार टाक्यांनी उलटं करून बघा. टाका जरा वाकडा असला तर राहू दे. पलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात ती बघा कधी, रांगा अशा हव्या तशा वळलेल्या असतात आणि नजर हटत नाही.

रोज रात्री काम थांबवताना, झोप कितीही आली असू दे, तीन गोष्टी. सुई सुईदाणीत. काढलेल्या पिना डब्यात, मोजून. आज किती काढल्या ते झाकणावर. वाकळ घडी करून कपाटात वर, पोरांचा हात पोचणार नाही अशी. ही चौथी झाली. असू दे.

गोट लावायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचा थांबा. इथून पुढे कडा बंद, आत राहिलं ते आत राहिलं. सगळ्या पिना डब्यात आल्या का? आकडा जुळला का? जुळला तरी चुंबक फिरवा, आधी वरून, मग अस्तराकडून, सावकाश, एक फूटभर पट्टा धरून. मग तळहातानं, दाबून. मग वाकळ हातांच्या मध्ये धरून चुरगाळा. एक पिन कमी असेल आणि "कुठेतरी घरात पडली असेल" असं मनात आलं तर ती वाकळेत आहे असं समजा. मी काय समजले होते ते वर सांगितलंय.

गोटाचं गणित सोपं आहे. 45 आणि 60 ची बेरीज 105, दुप्पट 210, कोपरे-सांध्यांना 12 इंच, झाले 222. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या, 42 इंच पन्ह्याच्या, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या, कापडातून सहा. अर्धा मीटर पुरतो. कडा सरळ असतील तर सरळ पट्टी चालते, कोपरे गोल केले असतील तरच उरेब, म्हणजे तिरकी, कापा. पट्ट्या तिरक्या जोडा म्हणजे सांध्याला गाठोडं होत नाही. लांबीतून दुमडून इस्त्री, वरून शिवायची, मागे वळवून हातानं टाके. कोपऱ्यात पाव इंच आधी थांबा, पट्टी वर वळवा, खाली आणा, पुढं चला. हे लिहून समजत नाही, कागदाच्या पट्टीवर दोनदा करून बघा.

बटणं, टिकल्या, आरसे लहान मुलाच्या वाकळेला नकोत. आणि बारशाला म्हणून करत असाल तर आईला सांगा की वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपताना घालू नको, खाली जमिनीवर खेळायला अंथर. बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात आणि बायका ऐकत नाहीत.

नाव आणि साल मागच्या कोपऱ्यात दोऱ्यानं. दहा मिनिटांचं काम, मी तीन वाकळांवर अजून केलेलं नाही.

धुणं. आधी चुंबक, परत. थंड पाणी, साबण कमी, पिळायची नाही, दाबायची. ओली वाकळ भयंकर जड होते, एका माणसाचं काम नव्हे, आणि एका टोकानं टांगली तर टाके ओढले जातात, दोन दोऱ्यांवर आडवी घाला. जमलं तर मे महिन्यात पुरी करा किंवा घट बसायच्या आधी घरोघरी वाकळा धुऊन गच्चीवर पडतात तेव्हा. मधल्या महिन्यांत नको. वाळायला दोन दिवस, वास आठ दिवस.

अंगुस्तान, सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, सांगायचं राहिलं. धातूचं घ्या.