वावरात बसून जुन्या बी-साइडचा इतिहास कसा काढायचा

राजेहो, एखाद्या रॉक बँडचं सुरुवातीचं बी-साइड, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं आवडलं की फॅन लोकांच्या गोष्टी वाचत बसू नका, पह्यले रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलचा फोटो शोधा. डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती ठेवणाऱ्या वेबसाइटवर असे ढीगभर फोटो सापडतात. आमच्याकडं दारव्ह्याच्या बाहेर पडलं की रेंजचा भरवसा नाही, म्हणून तालुक्याला गेलो की सेव्ह करून घेतो अन् रात्री हरभऱ्याच्या ओलिताला मोटरजवळ बसून झूम करून पाहतो.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचंच घ्या ना. मार्च १९६७ मधे त्यांची पहिली सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड आली, पुढं 'अर्नोल्ड लेन', मागं 'कँडी अँड अ करंट बन'. कॅटलॉग नंबर, म्हणजे कंपनीनं त्या रेकॉर्डला दिलेला नंबर, डीबी ८१५६, तो लिहून घ्या, पुढचं सगळं सर्च त्याच्यावरच चालते. कंपनी कोलंबिया, पण ही ब्रिटनमधल्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची, अमेरिकेतली कोलंबिया वेगळी, इथं लय जण फसतात. मग गाणं कोणाचं ते पाहा. दोन्ही बाजू बँडचाच गायक-गिटारवादक सिड बॅरेटच्या. हे महत्त्वाचं आहे भाऊ, कारण सिंगल विकली की मागचं गाणं लिहिणाऱ्यालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी मिळायची.

ईएमआय दिसलं की त्यांचाच ॲबी रोड स्टुडिओ लिहून मोकळे होऊ नका. हे रेकॉर्डिंग लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत निर्माता जो बॉइडनं केलं, तेही ईएमआयशी करार व्हायच्या आधी. म्हणून रेकॉर्डिंगची तारीख अन् बाजारात आल्याची तारीख वेगवेगळी लिहायची.

अन् गाण्याचं जुनं नाव शोधाच, मला तर यातच सगळ्यात मजा येते. 'कँडी अँड अ करंट बन' आधी 'लेट्स रोल अनदर वन' होतं, गांजाचा सरळ उल्लेख, मग नाव अन् शब्द दोन्ही बदलावे लागले. जुन्या नावानं सर्च मारला की सिंगलच्या आधीचे उल्लेख हाती लागतात.

मग ते नंतर कुठं आलं ते पाहा. पहिल्या अल्बममधे नाही. १९७१ च्या 'रेलिक्स' या संग्रहात 'पेंटबॉक्स' अन् 'जुलिया ड्रीम' या बी-साइड घेतल्या, 'अर्नोल्ड लेन' घेतलं, हे मात्र राहिलं, काहून लोकांना माहीत नाही ते इथं समजते. पुढं २००७ च्या पहिल्या अल्बमच्या ४० वर्षांच्या आवृत्तीत अन् २०१६ च्या 'द अर्ली इयर्स' या संचात आलं. ते डाउनलोड करून इअरफोननं ऐका, अन् वहीत प्रत्येक तारखेपुढं ती लेबलवरून घेतली की पुस्तकातून, तेही लिहा.