गर्दीच्या गावाला दोघांनी जायचं तर

महाबळेश्वर महाग असतं ते शनिवार-रविवारी. मे महिना, दिवाळी आणि नाताळचा आठवडा सोडला, तर मधल्या वारी तीच खोली बऱ्याच कमी भाड्यात मिळते, आणि मालकालाही दोन शब्द बोलायला सवड असते. त्यामुळे आधी वार ठरवा, गाव मागून.

माझे मिस्टर भोसरी एमआयडीसीत आहेत, त्यांची सुट्टी गुरुवारी. मी खडकीला घरीच ब्लाउज शिवते, लग्नसराई सोडली तर माझे दिवस माझ्या हातात. पहिली पाळी सुटली की बुधवारी आम्ही निघतो आणि ते शुक्रवारची रजा टाकतात. तुमची सुट्टी रविवारची असेल तर रविवारी दुपारी निघा आणि सोमवारची रजा घ्या. त्या वेळी सगळं पुणं परतीच्या वाटेवर असतं, तुम्हाला मात्र जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळते.

राज्यात फिरताना एसटीच धरा. १७ मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट आहे, शिवनेरी या एसी गाडीतसुद्धा. म्हणजे दोघांचं मिळून दीड. पणजीच्या गाडीत ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरायची. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पासही असतो. भरपूर हिंडणार असाल तर नवऱ्याला तो परवडू शकतो. बायकोला मात्र पासापेक्षा अर्धी तिकिटंच स्वस्त पडतात का, ते स्टँडवर बसून कागदावर मांडून बघा.

महाबळेश्वरसाठी मुक्काम वाईला करा, हे मी सगळ्यांना सांगते. स्वारगेटहून वाई, आणि सकाळी वाईहून पसरणी घाटाने वर. तीस-बत्तीस किलोमीटर आहे. वाईत संध्याकाळी ढोल्या गणपतीपुढे कृष्णेच्या घाटावर बसायला काही पडत नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटही चालत जाण्याइतका जवळ. वर गेल्यावर सगळे पॉइंट करायचा हट्ट सोडा. टॅक्सीचा दर पूर्ण गाडीचा असतो, दोघांच्या अंगावर तो फार येतो. मी सरळ शेजारच्या जोडप्याला विचारते, “ताई, प्रतापगडला जाताय का? निम्मे निम्मे करू.” लाजायचं नाही, त्यांच्याही मनात तेच चाललेलं असतं.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं दर्शन घेऊन बहुतेक लोक मागे फिरतात. तुम्ही पुढे कृष्णाबाईच्या दगडी देवळापर्यंत जा. तिथून खाली कृष्णेचं खोरं दिसतं, आणि माणसं फार थोडी. मला सगळ्या महाबळेश्वरात ती जागा सगळ्यात आवडते. थंडीत गेलात तर स्ट्रॉबेरी रस्त्याकडेला शेतकऱ्याकडून घ्या. क्रीमवाली खायचीच असेल तर एक ग्लास, दोन चमचे.

गोव्यात समुद्राला लागून खोली घेऊ नका. पणजीत स्टँडजवळ राहा, तिथून म्हापसा आणि मडगावला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, शटल बस सुटतात. जुन्या गोव्यातली बॉम जीझस आणि से कॅथेड्रल ही चर्च बघायला तिकीट नाही. तिथल्याच धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. गावातून हिंडायचं, जुनी घरं बघायची आणि पुढच्या बोटीने परत यायचं. स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण ती खासगी असते, आणि पोलिसांनी अडवलं तर दंड तुमच्यावर येऊ शकतो. दुपारची फिश थाळी किनाऱ्यापासून आत, ऑफिसातली माणसं जेवतात तिथे खा.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, एवढं लक्षात ठेवा. तिकीट माणशी ४० रुपये, ऑनलाइन ३५. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे एसटीच्याच बसने जावं लागतं, ते पैसे वेगळे धरा. वेरूळला कैलास लेणं सकाळी आधी उरका, ऊन चढायच्या आत.

आता दोघांचं. रोजच्या खर्चाचं पाकीट एकाकडेच असू द्या. आमच्यात ते माझ्याकडे असतं, तिकिटं आणि आधार कार्डं मिस्टरांकडे. पण प्रत्येकाला एक गोष्ट अशी ठेवा की तिची किंमत दुसऱ्याने विचारायची नाही. त्यांना बोटीत बसायचं असतं, मला कापड बघायचं असतं. संभाजीनगरला मी हिमरूची शाल घेतली तेव्हा ते बाहेर बाकावर शांत बसून होते. चहा, नाश्ता, पाणी यात काटकसर करू नका. दिवसभर उपाशी चालून संध्याकाळी भांडण झालं तर वाचवलेल्या पैशाचं काय करायचं? दुपारी खोलीवर तासभर पडा, दोघंही. स्वच्छ शौचालय दिसलं की बाईने जाऊन घ्यावं, पुढचं कुठे मिळेल ते सांगता येत नाही.

नवीन लग्न झालेल्यांनी एक बघावं. बायकोच्या आधारवर बहुधा माहेरचं नाव आणि पत्ता असतो आणि काही लॉजवाले त्यावर अडून बसतात. विवाह नोंदणीच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि फोनवर खोली ठरवतानाच हे बोलून घ्या. पैसे एका रात्रीचेच आधी पाठवा. पोहोचल्यावर खोलीची कडी, पंखा आणि गरम पाण्याची वेळ बघून मग पुढच्या रात्रीचे द्या. निघायच्या दिवशी खोली सोडली तरी बॅगा काउंटरवर ठेवू द्याल का, तेही तेव्हाच विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघांचे हात मोकळे राहतात.